‘सिस्टिमने ठरवलं’ या उत्तरावर थांबायचं नसेल तर: कंपनी आणि अधिकारी, दोघांनाही जाब कसा विचारायचा

कुणाचं निवृत्तिवेतन अचानक थांबतं, कुणाचं खातं एका रात्रीत गोठवलं जातं, कुणाच्या नावावर कधी न घेतलेल्या पैशांची वसुली निघते. चौकशीला गेलं की अधिकारी सांगतात, ‘आमच्या हातात काही नाही, सिस्टिमने ठरवलंय.’ सिस्टिम पुरवणारी कंपनी सांगते, ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो, निर्णय त्या खात्याचा.’ दोन्ही उत्तरं ऐकायला रास्त वाटतात आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस दोघांच्या मधे लोंबकळत राहतो.

या लोंबकळण्याची किंमत किती मोठी असू शकते, ते ब्रिटनमधल्या होरायझन प्रकरणाने दाखवलं. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सूची होरायझन ही संगणकीय हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली. हिशेबात तूट दिसू लागली आणि पुढच्या काही वर्षांत नऊशेहून अधिक शाखाचालकांना चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही जण तुरुंगात गेले, अनेकांची घरं गेली, काहींनी जीव दिला. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. ५५५ जणांनी मिळून दावा लावला तेव्हा कुठे डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने या प्रणालीतले दोष निकालात नोंदवले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांना एकाच दिवशी दोषमुक्त केलं आणि उरलेल्या शेकडो शिक्षा पुसायला २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

म्हणून या लेखाचा भर एका गोष्टीवर आहे. कंपनीला वेगळं आणि अधिकाऱ्याला वेगळं विचारून भागत नाही. दोघांना एकाच निर्णयाबद्दल, एकाच वेळी, लेखी विचारायचं आणि एकाचं उत्तर दुसऱ्यासमोर ठेवायचं. ते कसं करायचं, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: तक्रारीतून एक निर्णय वेगळा काढा

‘ही कंपनी लोकांची माहिती विकते’ किंवा ‘सगळे अधिकारी सामील आहेत’ यात तथ्य असलं तरी अशा वाक्याला उत्तर देणं कुणालाही बंधनकारक नसतं. उत्तर द्यावं लागतं ते ठरावीक निर्णयाबद्दल. त्यामुळे सगळ्यात आधी एक वाक्य लिहून काढा: कोणी, कोणत्या तारखेला, कोणाबद्दल, काय ठरवलं, त्याचं कारण काय दिलं आणि त्यामुळे काय बिघडलं. उदाहरणार्थ: ‘१२ मार्चला माझं निवृत्तिवेतन थांबवण्यात आलं. कारण म्हणून “नोंद जुळत नाही” एवढंच कळवलं. कोणती नोंद, कशाशी जुळत नाही, हे सांगितलेलं नाही.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर आणखी माहिती गोळा करा. पत्र लिहायची वेळ अजून आलेली नाही.

लहान प्रश्न मोठ्या गोष्टीपर्यंत नेतो, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट. सामाजिक साहाय्य घेणाऱ्या लाखो लोकांना तिथे ‘तुम्ही जास्त पैसे घेतलेत, परत करा’ अशा नोटिसा गेल्या. नोटिसांमागचं गणित असं होतं: माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते २६ पंधरवड्यांत समान वाटायचं आणि त्याने प्रत्येक पंधरवड्याला कळवलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहायचं. वर्षातले सहाच महिने काम मिळालेला माणूस या हिशेबात आपोआप थकबाकीदार ठरतो. ‘हा आकडा कसा काढला, ती आकडेमोड दाखवा’ एवढा एकच प्रश्न नेटाने धरला तर अख्ख्या योजनेचा पाया उघडा पडतो. तिथे तसंच झालं. २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदा असल्याचं सरकारने न्यायालयात मान्य केलं.

दुसरी पायरी: पुरावा आजच साठवा

पुरावा नाहीसा होतो तो बहुतेक वेळा कुणाच्या कारस्थानाशिवाय. पान बदलतं, खातं बंद होतं, मेसेज ठरावीक दिवसांनी पुसला जातो. त्यामुळे हे काम पत्र लिहिण्याआधीच उरकायचं.

स्क्रीनशॉट घेताना पूर्ण पडदा घ्या. वेबपत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. कापलेल्या, रंगवलेल्या, बाण काढलेल्या चित्रावर कुणीही शंका घेऊ शकतं. बाण काढायचेच असतील तर ते प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. ईमेल पुढे पाठवून साठवू नका. तसं केलं की ती कोणत्या मार्गाने आली याच्या आतल्या नोंदी जातात, म्हणून ती मूळ स्वरूपात डाउनलोड करून ठेवा. कंपनीची गोपनीयता धोरणं, वापराच्या अटी, खात्याच्या संकेतस्थळावरचे आदेश आणि मंत्र्यांची निवेदनं ही पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवता येतात. तिथे तारखेसह प्रत राहते आणि ती तुमच्या संगणकावर अवलंबून नसते. ‘हा नियम आधीपासूनच होता’ असं उद्या कुणी म्हणालं तर ती प्रत कामाला येते.

खातं बंद होण्याची चिन्हं दिसत असतील तर आधी आपली माहिती उतरवून घ्या. गूगल, फेसबुक यांसारख्या बड्या कंपन्यांकडे त्यासाठी खात्याच्या सेटिंगमध्येच सोय असते.

फोनवर किंवा समक्ष झालेल्या बोलण्याचं काय? बोलणं संपल्या संपल्या टिपण काढा: तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. मग त्याच दिवशी त्या कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पाठवा: ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यात आपण असं सांगितलंत की माझ्या अर्जावर पुन्हा विचार करायचे अधिकार आपल्याकडे नाहीत. यात माझी समजूत चुकली असेल तर कळवावं.’ उत्तर आलं तर चांगलंच. नाही आलं तरी तोंडी बोलण्याची तारखेनिशी लेखी नोंद झाली. माझ्या मते या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच. फोनचं ध्वनिमुद्रण करण्याबाबत मात्र देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. ते तपासल्याशिवाय करू नका.

कागदोपत्री दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. शिवाय एक साधा तक्ता ठेवा: तारीख, काय घडलं, कोणाकडून, पुराव्याचा क्रमांक. पुढे वकील, पत्रकार, नियामक यांपैकी कुणीही भेटलं तरी पहिल्यांदा हा तक्ताच मागेल.

आणि एक मर्यादा पाळाच. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं, आपल्याला परवानगी नसलेल्या सिस्टिममध्ये शिरणं, उघड्या राहिलेल्या फाइलींतून इतरांची खासगी माहिती उतरवून घेणं, यातलं काहीही करू नका. मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि तुमच्यावरच गुन्हा उभा राहतो.

तिसरी पायरी: निर्णयाचे मालक शोधा

प्रत्येक यांत्रिक निर्णयामागे किमान पाच माणसं किंवा संस्था असतात: नियम लिहिणारा, खरेदीचा आदेश देणारा, सॉफ्टवेअर पुरवणारा, ते रोज चालवणारा आणि निर्णयावर ज्याच्या पदाचं नाव येतं तो. पाचही जागा कागदावर मांडा आणि समोर नावं किंवा पदं भरा. जी जागा रिकामी राहील तिथूनच चौकशी सुरू करायची.

नावं कुठे मिळतात? निविदा, कंत्राट, कार्यादेश, बिलं आणि काम स्वीकारल्याचा चाचणी अहवाल यांत. बऱ्याच देशांत सरकारी निविदा सार्वजनिक पोर्टलवर असतात. काही ठिकाणी याहून पुढची सोय आहे. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० मध्ये महापालिका वापरत असलेल्या अल्गोरिदमची नोंदवही लोकांसाठी खुली केली. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या २०१९ च्या निर्देशानुसार स्वयंचलित निर्णयप्रणाली वापरण्याआधी तिच्या परिणामांचं मूल्यमापन करून ते प्रसिद्ध करावं लागतं. कंपनीचे लोक कोणत्या अधिकाऱ्यांना भेटतात हे पाहायला युरोपीय संघात पारदर्शकता नोंदवही आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना आपले अहवाल दाखल करावे लागतात.

कंत्राट हाती लागलं तर पहिल्या पानापासून वाचत बसू नका. थेट या गोष्टी शोधा: माहितीची मालकी कुणाकडे, चूक किती चालेल याची मर्यादा, चूक झाली तर दंड, चूक सापडल्यास कुणी कुणाला किती दिवसांत कळवायचं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खात्याला आतून तपासणी करण्याचा हक्क. हा हक्क कंत्राटात असेल तर पुढचा प्रश्न: तो आजवर कधी वापरला? नसेल तर अधिकाऱ्याला विचारायचं: जे तपासता येत नाही ते लोकांच्या पैशातून विकत कसं घेतलं? ‘सिस्टिमने ठरवलं’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला या प्रश्नातून बाहेर पडायला वाट नसते, कारण सिस्टिम निवडण्याचा निर्णय माणसानेच घेतलेला असतो.

याच टप्प्यावर आधी दिलेल्या इशाऱ्यांचा माग काढा. रोबोडेटच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. योजना सुरू होण्याआधीच, २०१४ मध्ये, खात्याच्या अंतर्गत कायदेशीर सल्ल्यात ही पद्धत कायद्यात बसत नसल्याचं सांगितलं गेलं होतं, हे त्या चौकशीत मांडलं गेलं. चूक झाली आणि चूक होणार हे माहीत असूनही पुढे गेले, या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. हा फरक बहुतेक वेळा जुन्या नस्तीतल्या एखाद्या टिपणीतच सापडतो.

चौथी पायरी: लेखी मागणी

इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकाच आठवड्यात धरायचे.

पहिला रस्ता कंपनीकडे जातो: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे? युरोपातल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या पंधराव्या कलमाने हा हक्क दिला आहे आणि कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. इतरही अनेक देशांत आता असे कायदे आहेत. या हक्कात केवढी ताकद आहे ते मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं. २०११ मध्ये त्याने युरोपातल्या तेव्हाच्या कायद्याखाली फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. सुमारे १,२०० पानं आली. त्यात त्याने पुसून टाकलेल्या गोष्टीही होत्या. तिथून सुरू झालेल्या लढाईत युरोपीय न्यायालयाने युरोप आणि अमेरिका यांच्यातले माहिती पाठवण्याचे दोन करार २०१५ आणि २०२० मध्ये रद्द केले. ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीच्या चालकांनीही हाच मार्ग धरला आणि एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि ओला यांच्याविरुद्ध बऱ्याच मुद्द्यांवर चालकांच्या बाजूने निकाल दिला. खातं बंद करण्याच्या निर्णयामागचं कारण आणि त्यात वापरलेली माहिती चालकाला कळली पाहिजे, हा त्या खटल्याचा गाभा होता.

कंपनीला लिहिताना ‘माझी सगळी माहिती द्या’ एवढ्यावर थांबलात तर तुमचं नाव, फोन क्रमांक आणि काही जुन्या नोंदी पाठवून मोकळे होतील. मजकूर साधारण असा ठेवा:

‘माझ्या खात्याबाबत अमुक तारखेला घेतलेल्या निर्णयासंदर्भात पुढील गोष्टी द्याव्यात. माझ्याविषयी साठवलेली सर्व माहिती, तिचा स्रोत आणि ती कोणाकोणाला दिली त्यांची नावं. माझ्याबद्दल काढलेले गुण, श्रेणी, शिक्के किंवा अंदाज. हा निर्णय पूर्णपणे यंत्राने घेतला की माणसाने पाहिला, आणि माणसाने पाहिला असल्यास त्याला निर्णय बदलण्याचा अधिकार होता का. निर्णयात कोणत्या बाबींना महत्त्व दिलं गेलं. कोणत्या नियमाचा भंग झाला आणि तो नियम त्या तारखेला कोणत्या स्वरूपात लागू होता.’

‘काढलेले गुण आणि अंदाज’ हे शब्द गाळू नका. आपण दिलेली माहिती आपल्याला ठाऊकच असते. तिच्यावरून त्यांनी काय अनुमान काढलं, हे पाहायचं असतं.

दुसरा रस्ता सरकारी दप्तराकडे जातो. कागद पाहण्याचा नागरिकांचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्यात आणला. अमेरिकेचा कायदा १९६६ चा, ब्रिटनचा २००० चा, भारताचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. तपशील वेगळे असले तरी एक सूत्र सगळीकडे लागू पडतं: मत मागू नका, कागद मागा. ‘ही सिस्टिम का वापरली?’ या प्रश्नाला ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर सहज देता येतं. ‘ही सिस्टिम वापरण्याच्या प्रस्तावावरील सर्व टिपण्यांच्या प्रती द्या’ याला तसं उत्तर देणं अवघड असतं. ‘का’ विचारायला भारताच्या कायद्यात एक वेगळी जागा आहे, ती बरेच जण विसरतात. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सांगणं हे त्या कार्यालयाचं कर्तव्य आहे. तुमच्यावर थेट परिणाम झाला असेल तर अर्जात या कलमाचा उल्लेख करा.

मागायचे कागद:

- खरेदीचा प्रस्ताव, निविदा, कंत्राट आणि नंतरच्या सर्व दुरुस्त्या
- काम स्वीकारण्यापूर्वीच्या चाचण्यांचे अहवाल, त्यात आढळलेल्या चुकांसह
- सुरू होण्याआधी विधी, वित्त किंवा तांत्रिक विभागाने नोंदवलेले आक्षेप
- अमुक ते अमुक तारखेदरम्यान सिस्टिमने नाकारलेल्या प्रकरणांची संख्या, त्यातली अपिलात गेलेली आणि अपिलात बदललेली प्रकरणं
- खातं आणि कंपनी यांच्यातला चुकांबाबतचा पत्रव्यवहार
- कंपनीला दिलेल्या रकमा आणि तिच्याकडून वसूल केलेला दंड

चौथा मुद्दा सगळ्यात मोलाचा. अपिलात गेलेल्या शंभरातले साठ निर्णय बदलत असतील तर सिस्टिम चुकते आहे, हे खात्याचेच आकडे सांगतात. तुम्हाला तंत्रज्ञानातलं काही सिद्ध करावं लागत नाही.

सगळं एका अर्जात कोंबू नका. दोन-तीन लहान अर्ज करा. एखादा अडला तरी बाकीचे चालू राहतात.

पाचवी पायरी: नकाराला उत्तर

नकार जवळपास नक्की येतो, तेव्हा त्याने खचून जाऊ नका. त्याचे प्रकार ठरलेले आहेत.

‘हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे.’ व्यापारी गुपिताला संरक्षण असतं, हे खरं. पण सरकारने दिलेली एकूण रक्कम, चाचणीत सापडलेल्या चुका, अपिलांचे आकडे यांना गुपित म्हणणं कठीण आहे. भारताच्या कायद्यात कलम ८(१)(घ) हा अपवाद देतं, पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते असंही तेच कलम म्हणतं; आणि कलम १० नुसार गुपित भाग झाकून उरलेला कागद देता येतो. म्हणून नेहमी लिहा: ‘काही भाग देण्यायोग्य नसेल तर तो झाकून उर्वरित द्यावा आणि झाकलेल्या प्रत्येक भागाचं कारण नमूद करावं.’ अमेरिकेत ह्यूस्टनच्या शिक्षकांना एका खासगी कंपनीच्या गुप्त सूत्राने गुण दिले जात होते आणि ते गुण ताडून पाहायची सोय कुणालाच नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने हा खटला पुढे चालवायला परवानगी दिली: ज्या गुणांवर नोकरी अवलंबून आहे ते बरोबर की चूक हे शिक्षकाला तपासताच येत नसेल, तर तो त्याच्या न्याय्य प्रक्रियेच्या हक्काचा प्रश्न आहे. गुपित कंपनीचं असलं तरी निर्णय सरकारी असतो आणि सरकारी निर्णयाचं कारण द्यावंच लागतं. अपिलात याच मुद्द्यावर ठाम राहा.

‘कागद सापडत नाहीत.’ मग तसं सहीनिशी लिहून मागा आणि सोबत कागद किती वर्षं जपायचे याचा त्या कार्यालयाचा नियमही मागा. चाचणी अहवालच नाही, असं लेखी मिळालं तर तो फार मोठा पुरावा आहे: चाचणी न करताच सिस्टिम लोकांवर लादली.

तिसरा प्रकार म्हणजे नुसती शांतता. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी अपील. भारतात माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील आणि पहिल्या अपिलाचा निर्णय आल्यापासून किंवा त्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होतो आणि तो त्या अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. इतर देशांतही अपिलाच्या अशा पायऱ्या असतात. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो की आधीचे उपाय करून पाहिले का.

सहावी पायरी: आपल्यासारखे इतर शोधा

होरायझनमध्ये अडकलेल्या अनेकांना मदतवाहिनीवरून सांगितलं जात होतं, ‘असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात.’ २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात जणांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने पीडितांनी एका खेड्यातल्या सभागृहात बैठक घेऊन संघटना उभी केली. एकेकटा माणूस तिथे आरोपी होता. एकत्र आल्यावर त्यांच्या अनुभवांतला सारखेपणा हाच पुरावा झाला.

एकत्र येताना सगळ्यांसाठी एकच प्रश्नावली ठेवा, म्हणजे अनुभव ताडून पाहता येतात. प्रत्येकाची लेखी संमती घ्या. नावं, ओळखपत्रांचे क्रमांक, आजारपणाचे तपशील कुणालाही उघडता येईल अशा सामायिक तक्त्यात टाकू नका. माणसाला क्रमांक द्या आणि नावांची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. लोकांच्या खासगीपणासाठी लढताना आपल्याच हातून तो उघडा पडला तर तो विश्वास परत मिळत नाही.

शक्य असेल तिथे चाचणी करा. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. त्यांनी कंपन्यांकडे आतला कोड मागितला नाही. निवडक छायाचित्रं घेतली, पद्धत उघड मांडली आणि निकाल गटागटाने मोजला. तुमची चाचणी याहून कितीतरी लहान असेल, पण तिची पद्धत निकाल पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवा आणि विरोधात गेलेले निकालही दाखवा.

सातवी पायरी: कोणतं दार ठोठवायचं

कंपनीविरुद्ध आधी तिची स्वतःची तक्रारव्यवस्था, मग माहिती-संरक्षण, ग्राहक किंवा स्पर्धा नियामक. अधिकाऱ्याविरुद्ध आधी वरिष्ठ, मग लोकपाल, लेखापरीक्षक, विधिमंडळाची समिती. दोन्हीकडे शेवटी न्यायालय. तक्रार कोणाकडेही करा, तिची प्रत दुसऱ्या बाजूला जाऊ द्या. खात्याने ‘कंपनीची चूक’ असं लिहिलेलं पत्र कंपनीकडे आणि कंपनीने ‘खात्याच्या सूचनेप्रमाणे’ असं लिहिलेलं पत्र खात्याकडे पाठवा. दोघांची विधानं एकमेकांशी जुळत नाहीत हे नियामकाच्या टेबलावर ठेवण्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही.

प्रत्येक दाराची गरज वेगळी असते. नियामकाला एकाच प्रकारची अनेक प्रकरणं हवीत. लोकप्रतिनिधीला सभागृहात विचारता येईल असा एक नेमका प्रश्न हवा, कागदासह. पत्रकाराला बोलायला तयार असलेली माणसं आणि तपासता येणारा कागद हवा. लेखापरीक्षकाला खर्च आणि चाचणी अहवाल यांतली तफावत हवी.

मोठ्या दंडांच्या बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला, आयर्लंडच्या नियामकाने २०२३ मध्ये मेटाला १.२ अब्ज युरोचा. हे पैसे पीडितांच्या हातात जात नाहीत. डेव्हिड कॅरोल या अमेरिकन प्राध्यापकाने केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी मतदारांची माहिती वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीकडे स्वतःची माहिती मागितली. ब्रिटिश नियामकाचा आदेश न पाळल्याबद्दल तिच्या मूळ कंपनीला २०१९ मध्ये १५,००० पौंड दंड झाला, पण कॅरोल यांना मागितलेली पूर्ण माहिती मिळाली नाही. म्हणून आपल्याला काय हवं ते तक्रारीतच लिहा: निर्णय मागे घ्या, लेखी कारण द्या, अधिकार असलेल्या माणसाकडून फेरतपासणी करा, याच कारणाने बाधित झालेल्या सगळ्यांना कळवा, स्वतंत्र तपासणी होईपर्यंत वापर थांबवा. ही शेवटची मागणी अवास्तव नाही. नेदरलँड्समध्ये सरकारी लाभांतली फसवणूक शोधणारी ‘सिरी’ ही प्रणाली हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये मानवी हक्कांच्या कसोटीवर बेकायदा ठरवली आणि ती बंद झाली. नागरी संघटना आणि काही व्यक्तींनी मिळून तो दावा लावला होता.

कंपनी तडजोडीला आली तर गप्प राहण्याची अट असलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. तुमच्या गप्प बसण्याने पुढच्या माणसाचा पुरावा जातो.

स्वतःला आणि इतरांना जपणं

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: कागद काय सांगतो, त्यावरून मला काय वाटतं आणि अजून काय कळायचं आहे. प्रसिद्ध करण्याआधी समोरच्याला प्रश्न पाठवा, उत्तराला वाजवी वेळ द्या आणि आलेलं उत्तर छापा. बदनामीच्या दाव्याची धमकी आली तर याच शिस्तीचा आधार असतो.

आतून माहिती देणारा कर्मचारी भेटला तर त्याची सुरक्षा बातमीपेक्षा मोठी. फ्रान्सेस हॉगेन यांनी २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली, तेव्हा त्यांनी वकिलांची मदत घेऊन रीतसर नियामकाकडे तक्रारी दाखल केल्या होत्या आणि मग त्या अमेरिकेच्या सिनेटपुढे बोलल्या. युरोपीय संघाने अशा माणसांच्या संरक्षणासाठी २०१९ मध्ये निर्देश काढला. भारतात २०१४ चा कायदा संमत झाला पण लागू झालेला नाही. म्हणजे संरक्षण गृहीत धरता येत नाही. कार्यालयाचा ईमेल, कार्यालयाचा फोन, कार्यालयाचा प्रिंटर यांपैकी काहीही त्या माणसाला वापरायला सांगू नका.

आणि खिडकीमागे बसलेल्या कारकुनावर राग काढू नका. ज्याला निर्णय बदलायचा अधिकारच दिलेला नाही, त्याचा व्हिडिओ काढून पसरवल्याने वरच्या माणसाची सुटका होते. बऱ्याचदा सिस्टिम कुठे चुकते हे सगळ्यात आधी त्या कारकुनाला दिसलेलं असतं. त्याच्याशी सभ्यपणे बोला.

आश्वासन मिळाल्यावर

‘सुधारणा केली आहे’ असं पत्र आलं की त्या तारखेपासून पुढचं काम सुरू होतं. नेमकं काय बदललं, कोणत्या तारखेपासून आणि जुनी प्रकरणं पुन्हा तपासणार का, हे लेखी मागा. तीन-चार महिन्यांनी तोच आकड्यांचा अर्ज पुन्हा करा: नाकारलेली प्रकरणं किती, अपिलात बदललेली किती. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना मग तुमच्या हातात असते.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशी फेरचाचणी झाली. २०१९ मध्ये बुओलाम्विनी आणि डेबोरा राजी यांनी तीच कसोटी पुन्हा लावली. पहिल्या चाचणीत ज्यांची नावं घेतली होती त्या तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच कमी झाल्या होत्या. जिचं नाव पहिल्या खेपेला नव्हतं त्या ॲमेझॉनच्या सॉफ्टवेअरचं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या वर निघालं. म्हणून फेरतपासणीच्या अर्जात आपल्या खात्यासोबत, तीच सिस्टिम त्याच कंपनीकडून घेतलेल्या इतर खात्यांचे आकडेही मागवा.